रेडिओ बंद झाल्यावर

संज्ञापनशास्त्राच्या, म्हणजे माणसं एकमेकांपर्यंत संदेश कसे पोचवतात याच्या अभ्यासाच्या, पहिल्या तासाला फळ्यावर बहुधा एकच आकृती येते: अलीकडे संदेश धाडणारा, पलीकडे तो घेणारा, मध्ये माध्यम आणि वाटेत कुठेतरी गोंगाट. ही आकृती मुळात माणसांच्या बोलण्यासाठी काढलेलीच नव्हती. क्लॉड शॅनन हे अमेरिकेतल्या बेल या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतले गणितज्ञ. तारेतून संदेश बिनचूक पोचवायचा कसा, हा त्यांचा १९४८ सालचा प्रश्न. संदेशाच्या अर्थाशी या प्रश्नाला देणंघेणं नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच लिहिलं होतं. पुढे आकृती सगळ्यांनी उचलली आणि ती सूचना मागे राहिली. नवख्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो, असं मला शिकवताना नेहमी जाणवतं.

त्याआधीच, अमेरिकेतल्या १९४०च्या अध्यक्षीय निवडणुकीत, समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोतल्या एरी काउंटीत ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा गाठलं. प्रचारामुळे मत फिरलेले फार थोडे निघाले. ओळखीच्या माणसाशी झालेलं बोलणं जास्त वजनदार ठरत होतं.

याची पुढची पायरी आपल्याच मुलखातली आहे आणि ती अभ्यासक्रमात एका ओळीत उरकली जाते, याचं मला वाईट वाटतं. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं उभी केली. नमुना कॅनडातल्या मंडळांचा. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. गावातली वीसेक माणसं एकत्र बसायची, ऐकायची. रेडिओ बंद झाला की खरं काम सुरू. आपल्या रानात हे जमेल का, खर्च कुणी करायचा, यावर बोलणं व्हायचं. अडलेले प्रश्न केंद्राकडे जायचे आणि त्यांची उत्तरं प्रक्षेपित व्हायची. फळ्यावरच्या आकृतीत पलीकडच्या टोकाला बसवलेला माणूस इथं बोलत होता.

पाहणीचं काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि ते समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी सांभाळलं. मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांना कार्यक्रमांआधी काय ठाऊक होतं आणि नंतर काय, हे त्यांनी विचारून घेतलं. तेच प्रश्न मंडळ नसलेल्या गावांतही विचारले. त्यातल्या काही गावांत रेडिओ होता. मंडळांच्या गावांत माहिती कितीतरी वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत जेमतेम.

१९५९ साली ही मंडळं देशभर नेण्याचं ठरलं.