पोपट, सोडवलेले : संगोपन व पुनर्वसन

व्यापाऱ्यांकडून जप्त झालेल्या, मालकाने आणून दिलेल्या किंवा पिंजऱ्यातून सुटून भरकटलेल्या पोपटांवर उपचार करणे, जमल्यास त्यांना पुन्हा थव्यात सोडणे आणि न जमल्यास जन्मभर सांभाळणे, या कामाची ही नोंद आहे. भारतात त्यात मुख्यतः तीन जाती येतात : कीर (सिटॅक्युला क्रॅमेरी), करण पोपट (सि. युपॅट्रिया, बाजारात ‘पहाडी’) व जांभळ्या डोक्याचा पोपट (सि. सायनोसेफाला).

पोपट पाळण्याचा आरंभ नेमका सांगता येत नाही. कामसूत्रातील चौसष्ट कलांत पोपट-मैनांना बोलायला शिकवण्याची कला आहे. हा ग्रंथ साधारणतः इ. स. तिसऱ्या शतकाच्या आसपासचा मानतात, तेव्हा त्या सुमारास ही हौस नागर जीवनात रुळलेली असावी. त्याहून जुना उल्लेख क्टीसियस या ग्रीक लेखकाचा (इ. स. पू. पाचव्या शतकाची अखेर). त्याचा ग्रंथ हरवला असून बायझंटाइन विद्वान फोटिअसने नवव्या शतकात केलेला सारांश मुख्यतः उरला आहे. त्यात लाल चेहऱ्याचा, काळ्या दाढीचा, भारतीयांची भाषा बोलणारा व शिकवल्यास ग्रीकही बोलणारा पक्षी येतो. तो जांभळ्या डोक्याचा पोपट असावा, हे मत अधिक पटते. करण पोपटाचा चेहरा लाल नसतो. करण पोपट अलेक्झांडरने ग्रीसला नेला ही समजूत ‘अलेक्झांड्राइन पॅराकीट’ या इंग्रजी नावामुळे पक्की झाली आहे, मात्र तिचा आधार तोकडा आहे. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख नीआर्कस याने पोपटाचे नवल सांगितले होते असे ग्रीक इतिहासकार एरियन लिहितो, पण जात ठरवता येईल असे वर्णन तिथे नाही.

पकडण्याच्या पद्धतीबद्दल मराठीतला एक उल्लेख फार मोलाचा आहे. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) सहाव्या अध्यायात नळीवर बसलेल्या पोपटाचा दृष्टान्त येतो. त्याच्या भाराने नळी फिरते आणि तो लटकतो. उडून जायचे सोडून आपण अडकलो या शंकेने नळी आवळून धरतो व मोकळ्याच पायांचा चवडा अधिक गुंतवून घेतो. हा वेदान्तातील रूढ दृष्टान्त आहे, सूरदासांच्या पदातही तो आढळतो. त्यामुळे एकट्या ओवीवरून महाराष्ट्रातील त्या काळची चाल सिद्ध होत नाही. तरी ओव्यांतील मान पिळणे, छाती आवळणे हे तपशील इतके नेमके आहेत, की कुणीतरी ते पारध्याजवळ उभे राहून पाहिले असावे असे वाटते. आज प्रौढ पक्षी जाळ्याने किंवा चिकाने धरतात. पण बाजारातील बहुतेक पोपट ढोलीतून काढलेली पिल्ले असतात. कीराची वीण साधारण जानेवारी ते एप्रिल, करण पोपटाची त्याआधी सुरू होते, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला उपचार केंद्रांत पिसे न फुटलेली पिल्ले येऊ लागतात.

कायद्याची बाजू अनेकांना ठाऊक नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देशी पोपट पकडणे, विकणे वा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. बेकायदा ठेवलेला पक्षी ही शासनाची मालमत्ता ठरते. त्यामुळे सोडवलेला कीर ‘दत्तक’ घेता येत नाही, मग घर कितीही प्रेमळ असो. महाराष्ट्रात त्यासाठी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दत्तक देणे शक्य असते ते बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड, आफ्रिकी करडा पोपट अशा परदेशी जातींचे. त्यांतील साइट्स या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असलेल्या जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर आवश्यक आहे. आफ्रिकी करडा पोपट २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, परिशिष्टात गेला. बजरीगर व कॉकाटील परिशिष्टांबाहेर आहेत.

आलेला पक्षी प्रथम महिनाभर तरी इतरांपासून वेगळा ठेवतात. चोच व पिसांचा विषाणुजन्य रोग आणि क्लॅमिडिया सिटॅसी या जिवाणूमुळे होणारा सिटॅकोसिस हे धोके त्यामागे असतात. सिटॅकोसिस माणसालाही होतो. १९२९-३० मधील साथ दक्षिण अमेरिकेतून नेलेल्या पोपटांमुळे पसरली होती. पोपट आजार लपवतो, म्हणून रोज सकाळी स्वयंपाकघरातील ग्रॅमच्या काट्यावर वजन घेणे ही सर्वांत भरवशाची तपासणी. कीर सुमारे १२० ग्रॅमचा, तेव्हा दहा ग्रॅमची घटही गंभीर असते.

आपल्याकडचा नेहमीचा आहार म्हणजे भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मिरची आणि पेरूची फोड. मिरची, पेरूने अपाय नाही, पण डाळीवर वाढवलेल्या पिल्लात कॅल्शियम कमी पडून पाय वाकतात, आणि निव्वळ सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्याचे यकृत चरबीने बिघडते. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यांतून जीवनसत्त्व अ मिळते. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा देऊ नये. नॉनस्टिक भांडे फार तापल्यास त्यातून निघणारा वायू पोपटाला काही मिनिटांत मारू शकतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीचे कण पोटात जाऊन विषबाधा होते. बसायला गुळगुळीत गज नको. कडुलिंब किंवा पेरूच्या, सालीसकट, कमी-अधिक जाडीच्या फांद्या हव्यात.

सोडण्यातला खरा अडसर पंखांचा असतो. विक्रेते उडण्याची पिसे कातरतात. कातरलेले पीस हा मृत भाग असल्याने वाढत नाही; त्याचे खुंट गळून नवे येईपर्यंत, म्हणजे पीसझडीपर्यंत, थांबावे लागते, आणि पंखातील दहा प्राथमिक पिसे एकदम न झडता क्रमाने झडतात. उपटलेल्या पिसाच्या जागी मात्र काही आठवड्यांत नवे फुटते. म्हणून खुंट उपटून टाकावेत असे काहींना वाटते. पण ते अतिशय वेदनादायक असते आणि पिसाचे मूळ कायमचे दुखावू शकते, त्यामुळे ही वाट धरू नये. तिसरा मार्ग ससाणे पाळणाऱ्यांचा जुना आहे : त्याच जातीच्या पक्ष्याचे गळलेले, त्याच क्रमांकाचे पीस घेऊन बांबूची तासलेली काडी अर्धी त्यात व अर्धी खुंटाच्या पोकळ देठात बसवायची, डिंकाने जोडायचे. काडी किंचित जाड झाली तर देठ चिरतो, किंचित वळली तर पंख तिरका पडतो. पक्ष्याला भूल द्यावी लागते. हे काम पशुवैद्याचेच.

पंख सुधारल्यावर लांब उड्डाण-पिंजऱ्यात सराव देतात आणि एकट्याला न सोडता गटाने सोडतात. कीराच्या भारतात दोन उपजाती मानतात, उत्तरेकडची बोरिॲलिस व दक्षिणेकडची मॅनिलेन्सिस. म्हणून मुंबईत जप्त झालेला, पण कदाचित उत्तरेत पकडलेला पक्षी मुंबईतच सोडावा का, हा प्रश्न उरतो. शहरांत दिसणारे करण पोपट मूळचे की सुटलेल्यांची संतती, हेही अनेक ठिकाणी अनिश्चित आहे. माणसाच्या हाताने वाढलेला, शिट्टी ऐकताच खांद्यावर येणारा पोपट सहसा सोडता येत नाही. कीर पिंजऱ्यात पंचवीस-तीस वर्षे, करण पोपट त्याहूनही अधिक जगतो, त्यामुळे अशा पक्ष्याला जोडीदारासह मोठ्या दालनात कायमची जागा लागते.