सोडा की पावडर? प्रेट्झेल-डॉगचा रंग नेमका कुठून येतो

प्रेट्झेल-डॉग म्हणजे मैद्याच्या वळीत गुंडाळून, सोड्याच्या उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून मग भाजलेले सॉसेज. पहिल्या खेपेला माझे इतके गोरेपान निघाले की आत्या म्हणाली, "अगं, हे आजारी दिसतायत."

चूक माझीच. ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात फळीवर दोन सारखे डबे आहेत. एकात खाण्याचा सोडा, दुसऱ्यात बेकिंग पावडर. दोन्ही पांढरे, दोन्ही मऊसूत, आणि दोन्हींवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्या वाफेने कधीच्या गळून पडलेल्या. त्या रविवारी उकळत्या पाण्यात सोड्याऐवजी गेली ती पावडर. भसाभस फेस आला, पातेल्याच्या काठापर्यंत चढला. मला वाटलं, जमलं! मैद्याची वळी गुंडाळलेले आठ चिकन सॉसेज त्यात बुडवले, ओटीजीत सरकवले, पंधरा मिनिटांनी दार उघडलं तर आत लादीपावाचे चुलतभाऊ बसलेले. खायला ठीक होते. भाच्याने सॉस लावून दोन संपवलेसुद्धा. पण मॉलमध्ये मिळतो तो चकचकीत तपकिरी रंग, वरचा किंचित चिवट पापुद्रा, तो खास वास, यातलं काहीच नाही.

मी फसले ते त्या फेसाला. सोडा आणि पावडर यांची आपल्याला ओळख करून दिली जाते तीच मुळी "दोन्हींनी पदार्थ फुगतो" अशी. केक, ढोकळा, नानकटाई यांच्यापुरतं ते खरंही आहे. प्रेट्झेल-डॉगमध्ये मात्र फुगवायचं काम यीस्ट करतं. पाण्यात घालायच्या सोड्याकडे वेगळंच खातं आहे, आणि तिथे पावडर अगदी निरुपयोगी.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. एकच पदार्थ, भेसळ नाही, साथीदार नाही. तो अल्कली आहे, म्हणजे शाळेत ज्याला आम्लारी म्हणायचो त्या जातीचा, पण सौम्य. पाण्यात विरघळवला तर पाणी अल्कधर्मी होतं आणि तसंच राहतं. दही, ताक, लिंबू असं काही आंबट भेटलं की त्याचा कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पदार्थ हलका होतो. आंबट भेटलं नाही तर त्याचा अल्कलीपणा बराचसा तसाच उरतो. केक कधीकधी साबणासारखा लागतो तो त्यामुळे.

बेकिंग पावडर समजून घ्यायची असेल तर डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचावी. त्यात हाच सोडा असतो, पण साधारण चौथा ते तिसरा हिस्सा. बाकीच्यात एखाददुसरं कोरडं आम्ल आणि मक्याचा स्टार्च. स्टार्च कशाला, तर दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायला आणि हवेतली ओल शोषायला. कोरडं असेपर्यंत आम्ल आणि सोडा शेजारी शेजारी गुपचूप बसतात. पाणी लागलं, उष्णता मिळाली की दोघांचा हिशेब सुरू, आणि हिशेब पुरा झाला की हातात उरतं ते जवळपास ना आम्ल ना अल्कली. फेस येतो तो त्या हिशेबाचा. माझ्या पातेल्यात तेच झालं होतं. वायू उडून गेला आणि मागे राहिलं ते स्टार्चचं गढूळ, निरुपद्रवी पाणी.

ज्यांनी आयुष्यभर ढोकळा केला आहे त्यांना हे एका शब्दात सांगता येतं. इनो. त्यातही सोडा आणि सायट्रिक आम्ल एकत्रच असतात, म्हणून पाणी घातल्याबरोबर उसळतं आणि आपण "आता पटकन कुकरमध्ये ठेव" म्हणून धावतो. बेकिंग पावडर ही इनोची सबुरीची बहीण. आजच्या बहुतेक पावडरींमधलं आम्ल दोन टप्प्यांत जागं होतं, थोडं भिजवताना आणि उरलेलं तापल्यावर. त्यामुळे केकचं मिश्रण दहा मिनिटं थांबलं तरी बिघडत नाही.

पावडरचा जन्मच मुळी यीस्टची जागा घ्यायला झाला. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने 1843 मध्ये ती बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट चालत नसे. म्हणजे यीस्ट घातलेल्या पिठाला तिची तशीही गरज नाही. तरी "दोन्ही घातलं तर जास्त फुगेल" म्हणून प्रेट्झेलच्या मैद्यात चमचाभर पावडर घालणारे लोक मला माहीत आहेत. त्यात मीही होते.

आता पाण्यातला सोडा. पाव, चपाती, कांदा, मांस हे भाजताना तपकिरी होतात ते साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी भिडल्यामुळे. लुई कामिय माइयार या फ्रेंच माणसाने 1912 मध्ये ही क्रिया मांडली, म्हणून तिला त्याचं नाव. ही क्रिया अल्कधर्मी वातावरणात फार वेगाने होते. बिर्याणीचा कांदा लवकर लाल व्हावा म्हणून काही जण त्यात चिमूट सोडा टाकतात, तो ह्याच कारणाने. प्रेट्झेलचं पीठ सोड्याच्या गरम पाण्यातून काढलं की दोन गोष्टी होतात. वरच्या थरातला स्टार्च शिजून चिकट होतो, त्यातून पुढे तो चिवट, चमकदार पापुद्रा तयार होतो. आणि पृष्ठभागावर अल्कली बसते, ज्यामुळे ओव्हनमध्ये रंग सरसर चढतो. जर्मनीत बेकरीवाले याच कामासाठी सोड्याऐवजी कॉस्टिक सोड्याचं 3 ते 4 टक्क्यांचं पाणी वापरतात. ते कितीतरी तीव्र, म्हणून त्यांचा रंग महोगनी लाकडासारखा गडद तांबूस. घरी त्याच्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडे कॉस्टिक सोडा मिळतो तो तुंबलेलं गटार मोकळं करायला, खायच्या दर्जाचा नव्हे, आणि कातडी जाळतो.

आत्याला मी हे सगळं समजावत होते. माइयारपर्यंत आले तेव्हा ती पान खुडत होती. मग मान वर करून म्हणाली, "म्हणजे पापडखारच की."

तेच. उडदाच्या पापडाचं पीठ भिजवताना खार घालतात, तोही अल्कलीच. तिला त्यासाठी फ्रेंच माणसाची गरज नव्हती. मी विचारलं, "मग आत्या, तू पापडात बेकिंग पावडर घालशील का?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं स्पष्टीकरण मी गिळलं.

डब्यांत कुठला कोण हे ओळखायची युक्तीही तिचीच, आणि ती लिंबू-व्हिनेगरच्या परीक्षेपेक्षा भरवशाची आहे. आंबट घातलं तर फेस दोघांनाही येतो, मग कळणार काय? दोन वाट्या घ्या, दोन्हींत थोडं गरम पाणी आणि चिमूटभर हळद. एकीत पहिल्या डब्यातला अर्धा चमचा, दुसरीत दुसऱ्यातला. पावडर आधी जोरात फसफसते, मग शांत होते आणि पाणी पिवळंच राहतं. सोड्याची वाटी मात्र बघता बघता लालसर होते. हळद अल्कलीत लाल होते. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करतात ते याच जोरावर. पांढऱ्या कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो तोही असाच, आणि ढोकळ्यात सोडा नीट मिसळला नाही की लाल ठिपके पडतात तेही.

दुसऱ्या खेपेचं प्रमाण देते, आठ नगांचं. 350 ग्रॅम मैदा, चमचाभर साखर, सपाट चमचाभर मीठ, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 25 ग्रॅम लोणी, 210 मिलिलिटर कोमट पाणी. दहा मिनिटं चांगलं मळायचं, पुरीच्या पिठाहून सैल आणि पावाच्या पिठाहून घट्ट. मे महिन्यात ठाण्यात हे पीठ पाऊण तासात दुप्पट होतं, जानेवारीत तास-सव्वा तास लागतो. साधारण 75 ग्रॅमचे आठ गोळे करून प्रत्येकाची हातभर लांब वळी करा. वळी आखडत असेल तर तिच्याशी भांडू नका, पाच मिनिटं झाकून ठेवा, मग ऐकते. सॉसेजवरचा बर्फ पूर्ण वितळलेला हवा आणि ते फडक्याने कोरडे केलेले हवेत. ओल्या सॉसेजवरून वळी घसरते आणि आतलं पीठ गिचगिचीत राहतं. वळसे घालताना दोन्ही टोकं शेवटच्या वळशाखाली दाबायची. नंतर वीस मिनिटं फ्रिजमध्ये. आपल्या दमट हवेत ही पायरी टाळली तर पाण्यातून काढताना गुंडाळी सुटते.

पाणी लिटरभर, त्यात 60 ग्रॅम सोडा. चमच्याने म्हणाल तर पोह्याचे बरेच होतील, त्यापेक्षा वजन करा. जांभळी नाक्याला किराणा दुकानात सोडा सुटा मिळतो आणि एवढा लागणार असेल तर तोच परवडतो. उकळत्या पाण्यात सोडा हळूहळू घाला, कारण तोही थोडा उसळतो. भांडं स्टीलचं. अल्युमिनियमचं पातेलं या पाण्याने काळं पडतं, हे मी घासणीने सिद्ध केलेलं आहे. एकेक नग झाऱ्यावर ठेवून अर्धा मिनिट बुडवा. वर येतो तेव्हा पीठ किंचित पिवळट आणि बुळबुळीत झालेलं दिसतं. ते दिसलं की समजावं, डबा बरोबर होता. निथळून बटर पेपरवर, वर फेटलेलं अंडं, भरडलेलं जाडं मीठ अगदी शेवटी, नाहीतर ते विरघळतं. ओटीजी 230 अंशांवर, 12 ते 15 मिनिटं. नवव्या-दहाव्या मिनिटाला काचेतून पाहा. रंग चढताना डोळ्यांनी दिसतो.

याहून गडद हवा असेल तर सोडाच आधी भाजून घ्यायचा. ट्रेमध्ये पातळ पसरून 130 अंशांवर तासभर. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं ते सोडियम कार्बोनेट, बरंच तीव्र अल्कली. झालं की नाही हे वजनावरून कळतं, 100 ग्रॅमचे साधारण 63 ग्रॅम राहिले पाहिजेत. हा सोडा लिटरला 30 ग्रॅम पुरतो. त्याला हात लावू नका, चुरचुरतो.

इथे तिसरा गोंधळ डोकावतो, तोही निस्तरते. सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा. नात्याने दोन्ही सख्खे, टाटा केमिकल्सच्या गुजरातमधल्या मिठापूरच्या कारखान्यात दोन्ही बनतात. पण म्हणून कुणी सरळ धुण्याच्या सोड्याचा पुडा आणून पाण्यात ओतू नये. तो कपड्यांसाठी बनवलेला असतो, खाण्याच्या शुद्धतेचा नसतो. खाण्याचा सोडा भाजून जे मिळतं ते वापरा.

मग पावडर तिप्पट घातली तर? केकमध्ये हे चालतं, एक चमचा सोड्याऐवजी तीन चमचे पावडर हा ढोबळ हिशेब बरोबर आहे, फक्त रेसिपीतलं ताक किंवा दही कमी करावं लागतं. पाण्यात मात्र दहापट घातली तरी उपयोग नाही, कारण सोड्याबरोबर आम्लही दहापट जातं. इनोचंही तेच. छोले भिजवताना घालतो त्या सोड्याची जागासुद्धा पावडर घेऊ शकत नाही. तिथेही दाणा मऊ पडतो तो अल्कलीमुळे, फेसाने नाही. नानकटाईत उलट. सोडा जास्त झाला की ती पसरते आणि गडद होते, पावडरने गोरी, उंच राहते. ज्याला जशी आवडते तशी.

पावसाळ्यात दोघांचा स्वभाव आणखी एका बाबतीत वेगळा पडतो. सोडा दमट झाला तर गोळे होतात, पण ते फोडून वापरता येतात. पावडरचं झाकण जुलैत सैल राहिलं तर ओल शिरते, डब्यातच हिशेब होऊन जातो, आणि गणपतीत केक बसतो. गरम पाण्यात चमचाभर टाकून फेस येतो का बघावं. नसेल तर टाकून द्यावी.

दुसऱ्या खेपेचे आठही नग तांबूस-तपकिरी निघाले, आत्यासाठी सॉसेजऐवजी पनीरची कांडी गुंडाळली होती तेही. डब्यांवर मी मार्करने नावं लिहायला घेतली, झाकणांवर. आत्याने मार्कर हातातून काढून घेतला. "झाकणं बदलतात गं," म्हणाली, आणि डब्यांच्या पोटावर लिहिलं. एकावर "सोडा", दुसऱ्यावर "पावडर, पाण्यात नको".