दक्षिणेपासून फेलोशिपपर्यंत

पदवीनंतर कोणत्या विषयात पुढे जायचे, हा प्रश्न वरवर आवडीचा वाटतो. पण ज्या घरात मुलाने लगेच कमावते व्हावे अशी अपेक्षा असते, तिथे दरमहा हाती काय पडणार यावरच तो बहुधा सुटतो. महाराष्ट्रात ही गोष्ट जुनी आहे.

तळेगावच्या सेनापती दाभाड्यांनी सुरू केलेली श्रावणातील दक्षिणा पेशव्यांनी पुण्यात चालवली आणि ती शास्त्र जाणणाऱ्या ब्राह्मणांना मिळे. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टनने ती परंपरा न मोडता १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, त्यामुळे राजाश्रय शास्त्राध्ययनालाच राहिला. दक्षिणेच्या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांसाठी खर्चावा, असा अर्ज सुधारकांनी १८४९ मध्ये केला, तेव्हा पुण्यात मोठा क्षोभ उसळला. जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. माझ्या मते तो वाद रकमेपेक्षा कोणती विद्या जगवायची याचा होता. पुढे याच निधीतून महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले गेले. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर हे दोघेही त्या वृत्तीवर शिकले.

आजची व्यवस्था १९८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील ‘नेट’ परीक्षेवर उभी आहे. तीतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘जेआरएफ’, मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात; ती नसेल तर केंद्रीय विद्यापीठात पीएच.डी.साठी ८,००० रुपयांवर भागवावे लागते. हीसुद्धा वृत्ती बंद करण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला, तेव्हा दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे, ज्यांच्या घरात आधी कुणी पदवीधर नव्हते अशांनाही संशोधनाची वाट मोकळी झाली, हे मोलाचे आहे.

पैशाचा परिणाम एम.एस्सी.लाच दिसू लागतो. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांसाठी विज्ञान शाखांच्या नेटची, म्हणजे ‘सीएसआयआर नेट’ची, ‘जीवविज्ञान’ ही एकच प्रश्नपत्रिका असते. म्हणून कोकणच्या सड्यावरचे, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावरचे, गवत कणसाच्या ठेवणीवरून ओळखणारी विद्यार्थिनी पावसाळ्यात सड्यावर जायचे सोडून खोलीत बसून रेणवीय जीवशास्त्राच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवते.