सेटटॉप बॉक्स, टीव्ही आणि पसरट चेहरे: हा घोळ आला कुठनं

नवीन एलईडी टीव्ही घेतला, जुनाच सेटटॉप बॉक्स जोडला आणि सगळी माणसं एकदम जाड दिसायला लागली, किंवा उलट चारी बाजूंनी काळे पट्टे आणि मधे इवलंसं चित्र, ही तक्रार एवढी कॉमन आहे की लोक सरळ टीव्ही खराब निघाला म्हणून मोकळे होतात. टीव्ही चांगला असतो, बॉक्सही चांगला असतो. भांडण आहे ते दोन वेगवेगळ्या काळातल्या चौकटींचं.

पहिली चौकट ४:३ ची, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. ती टीव्हीवाल्यांची नाहीच मुळात, सिनेमाची आहे. एडिसनच्या लॅबमध्ये डिक्सनने ३५ एमएम फिल्मवर कडेच्या चार भोकांएवढी उंच फ्रेम धरली आणि त्यातून हा आकार आला, पुढे टीव्ही निघाला तेव्हा त्यांनी साधारण तोच घेतला. आपल्याकडे १९५९ ला दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं, १९७२ ला मुंबई केंद्र आलं, १९८२ ला एशियाडच्या वर्षी रंग आला, नव्वदीत केबल आली, पण चौकट मात्र ४:३ च राहिली. म्हणजे दोन-तीन पिढ्यांनी टीव्ही म्हणजे हाच आकार असं धरलेलं.

तिकडे सिनेमा मात्र टीव्हीला टक्कर द्यायला १९५३ पासून सिनेमास्कोप वगैरे करून रुंद होत गेला. मग १९८० च्या दशकात एचडीचा विचार सुरू झाला तेव्हा प्रश्न पडला की नवीन पडदा ठेवायचा कसा. अमेरिकेतले इंजिनिअर कर्न्स पॉवर्स यांनी चालू असलेल्या सगळ्या आकारांचे सारख्या क्षेत्रफळाचे चौकोन काढून एकावर एक ठेवले, तर सगळ्यांना सामावणारा बाहेरचा चौकोन आणि सगळ्यांत कॉमन असलेला आतला चौकोन, दोन्हींचं प्रमाण जवळजवळ १.७७ निघालं. तेच १६:९. मला हे फार सुंदर वाटतं, कारण हा आकार कुणाच्याच बाजूचा नाही, सगळ्यांना थोडं थोडं सांभाळून घेणारा आहे, आणि म्हणूनच पट्टे कायमचे काही जाणार नव्हते.

आता खरा घोळ. आपल्या एसडी, म्हणजे एचडी नसलेल्या साध्या डिजिटल चित्राचा साचा ७२० बाय ५७६ पिक्सेलचा, आणि गंमत अशी की ४:३ चं चित्र असो की १६:९ चं, साचा तोच. फरक फक्त सिग्नलमधल्या एका छोट्या खुणेत असतो, की बाबा हे रुंद करून दाखव किंवा नको. ती खूण बॉक्सला कळते. पण बॉक्स पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीने जोडला असेल तर बऱ्याचदा ती टीव्हीपर्यंत पोचतच नाही, मग टीव्ही आपल्या मनाने पूर्ण पडदा भरून टाकतो. एचडीएमआय वायरीतून अशी माहिती जाण्याची सोय आहे, म्हणून शक्य असेल तिथे तीच वापरा.

त्यात आपल्याकडचं टायमिंग बघा. २०१२ च्या शेवटी मुंबईत केबल डिजिटल करायची सक्ती झाली, २०१३ ला पुणे, नागपूर, नाशिक अशी शहरं आली, मग बाकीचा महाराष्ट्र. त्या वेळी घरोघरी डबा टीव्ही भरपूर होते, त्यामुळे बॉक्सच्या मेनूत टीव्हीचा आकार ४:३ ठेवलेला असणं चुकीचं नव्हतंच. नंतर डबे गेले, सपाट टीव्ही आले, आणि बॉक्सला कुणी सांगितलंच नाही की समोरचा पडदा बदललाय! तो बिचारा अजून १६:९ चं चित्र ४:३ मध्ये बसवायला वर-खाली ७२-७२ ओळी काळ्या करतो, उरतात ४३२, आणि टीव्ही ते ४:३ समजून डावी-उजवीकडे अजून पट्टे लावतो. पडद्याचा फक्त ५६ टक्के भाग वापरात. टीव्हीने ताणलं तर रुंदी ३३ टक्के जास्त, म्हणजे पसरट चेहरे.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी बॉक्सच्या मेनूत जाऊन टीव्हीचा आकार १६:९ करा, मग टीव्हीच्या पिक्चर साईजमध्ये ऑटो किंवा १६:९. झूमला हात लावू नका, झूमने न्यूज चॅनेलची खालची पट्टी आणि क्रिकेटचा स्कोअर कापला जातो. हे करूनही कडा थोड्या कापल्या जात असतील तर तो ओव्हरस्कॅन, डबा टीव्हीच्या काळातली सवय, तेव्हा कडा नीट यायच्या नाहीत म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून दाखवायचे. बऱ्याच टीव्हीत जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी असतं, ते चालू केलं की बघा कडा परत येतात.

आणि जुनी दूरदर्शन मालिका किंवा प्रभातचा बोलपट लागला की दोन्ही बाजूंना पट्टे येणारच, ३२ इंची टीव्हीवर साधारण नऊ-नऊ सेंटीमीटरचे. ते राहू द्यावेत. ते घालवायला चित्र ताणलं तर माणसं बिघडतात आणि झूम केलं तर डोकी कापली जातात, इतक्या काळजीने लावलेल्या फ्रेमची अशी वाट लावणं मला तरी बघवत नाही.

कधीकधी मात्र चॅनेलवालेच जुना सिनेमा ताणून सोडतात. ओळखायचं कसं, तर कोपऱ्यातला लोगो बघा, तो सहसा शेवटी चढवलेला असतो. लोगो गोल दिसतोय आणि हिरो पसरट, तर घोळ तिकडचा. लोगोही अंड्यासारखा झाला असेल तर घोळ तुमच्या घरातल्या सेटिंगचा. तिकडचा असेल तर तेवढ्या सिनेमापुरता टीव्ही ४:३ वर टाका, लोगो उभट होईल पण माणसं नीट दिसतील, आणि सिनेमा संपला की आठवणीने परत १६:९ करा.