ओठाला लागणारं लाकूड

गेल्या जुलैत माझ्या माऊथऑर्गननं माझा ओठ कापला. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला केसाएवढी बारीक रेघ उमटली होती, पण आठवडाभर तिखट खाताना झोंबत होती. वाद्य उजेडात आडवं धरून पाहिलं तेव्हा कारण कळलं. पुढच्या बाजूचे लाकडी दाते पितळी पट्ट्यांच्या कडेबाहेर आले होते, नख फिरवलं तर सहज अडकेल इतके. मे महिन्यात तीच कड गुळगुळीत होती. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं, तेच इथे चिमुकल्या दात्यांच्या ओळीत घडलं होतं.

माऊथऑर्गन उघडला की आत तीन थर दिसतात. वर एक पितळी पट्टी, खाली एक पितळी पट्टी आणि मधे लाकडाचा एक तुकडा, ज्याला एका बाजूनं खाचा पाडलेल्या असतात. हा तुकडा दिसतो हुबेहूब फणीसारखा आणि इंग्रजीत त्याचं नावही तेच आहे, म्हणून इथे त्याला फणीच म्हणतो. दोन दात्यांमधली जागा म्हणजे हवेचा एक खण. दहा भोकांच्या साध्या वाद्यात असे दहा खण आणि वीस रीड, म्हणजे पट्टीतल्या फटीवर एका टोकाला बसवलेल्या, श्वासानं थरथरणाऱ्या धातूच्या पातळ जिभा. प्रत्येक खणाच्या वरच्या पट्टीवर फुंकल्यावर वाजणारी रीड असते आणि खालच्या पट्टीवर श्वास ओढल्यावर वाजणारी. बाजाच्या पेटीत असते तीच ही मुक्त रीड, फक्त आकारानं लहान. पेटीत भात्याची कोरडी हवा जाते. इथे माणसाचा श्वास जातो आणि तो कायम पाण्याच्या वाफेनं भरलेला असतो. आजची सगळी गोष्ट त्या पाण्याची आहे.

आधी एक समज दूर करायला हवा, कारण तो आपल्याकडे अगदी स्वाभाविकपणे येतो. मिरजेचा तंबोरा ज्यानं जवळून ऐकला आहे, त्याला भोपळा आणि तबली बदलली की आवाज बदलतो हे सांगावं लागत नाही. तार नुसती फारशी हवा हलवू शकत नाही. ती तबलीला हलवते आणि तबली हवेला. मग माऊथऑर्गनही लाकडाचा असेल तर सूर ‘गोड’ आणि प्लॅस्टिकचा असेल तर ‘कोरडा’, असं मनात येतंच. पण इथे आवाज लाकडातून येतच नाही. रीड आपल्या फटीत वर-खाली होत श्वासाच्या प्रवाहाचे तुकडे करते आणि ते तुकडे थेट हवेत पडतात. सी सुरात लावलेल्या वाद्यात चौथं भोक फुंकलं की 523 हर्ट्झचा सूर मिळतो. या सुराची हवेतली तरंगलांबी सुमारे 65 सेंटिमीटर, आणि खणाची लांबी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. इतका लहान खण स्वतःच्या मर्जीनं सूर ठरवू शकत नाही. सूर ठरतो रीडच्या ताठपणावर आणि वजनावर. म्हणूनच रीडचं टोक खरवडलं की सूर चढतो आणि बुडाशी खरवडलं की उतरतो. पेटी दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताला हे पाठ असतं.

मग फणी करते काय? हवा अडवून धरते, आणि हे काम फार मोठं आहे.

रीड आणि तिची फट यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश एवढीच जागा ठेवलेली असते. कारागीर इतकी मेहनत घेतो ती श्वासाचा कण न कण रीडलाच मिळावा म्हणून. पण फणी जराशी वाकडी असेल, पितळी पट्टी तिच्यावर पूर्ण टेकत नसेल, तर हवा रीडला वळसा घालून बाजूच्या खणात जाते. मग वाद्य ‘जड’ वाटतं. जास्त फुंकावं लागतं, सूर उशिरा बोलतो आणि खालचे सूर तर बोलतच नाहीत. वादकाला वाटतं, आपली छाती कमी पडते. बहुतेक वेळा गळती असते.

सर्वात जास्त नुकसान होतं ते सूर वाकवताना. चौथ्या भोकातून श्वास ओढत, जीभ आणि घशाची पोकळी बदलत नेली की रेचा सूर अर्धा स्वर खाली येतो. ब्लूज या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीताचा सगळा जीव या वाकवण्यात आहे. हेन्री बाहन्सन हे पिट्सबर्गचे शल्यविशारद आणि हौशी वादक. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर खणातल्या रीड एकेक करून बंद केल्या आणि काय वाजतं ते मोजलं. 1998 साली हे काम प्रसिद्ध झालं. त्यातून दिसलं की सूर वाकत जातो तसा तो ओढीच्या रीडकडून फुंकीच्या रीडकडे सरकतो. म्हणजे एका खणातल्या दोन रीड तोंडातल्या दाबाच्या तालावर आपसात काम वाटून घेतात. हा नाजूक सौदा जमायचा तर खण बंद हवा. जिथे हवा निसटते तिथे घशातल्या बदलाचा हुकूम रीडपर्यंत पोचतच नाही.

ट्रोसिंगेन या जर्मन गावात मत्तियास होनर या घड्याळजीनं 1857 साली माऊथऑर्गन बनवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी त्याच्याकडून 650 वाद्यं बाहेर पडली. 1896 साली त्या कारखान्याचा ‘मरीन बँड’ नावाचा माऊथऑर्गन आला. त्याची फणी नासपतीच्या लाकडाची, पट्ट्या बारीक चुकांनी, म्हणजे लहान खिळ्यांनी, ठोकलेल्या. नासपतीची निवड विचारपूर्वक होती. या लाकडाचा पोत सगळीकडे सारखा आणि बारीक असतो, त्यामुळे पातळ दाते कापताना ढलपे निघत नाहीत. लाकडी बासऱ्यांनाही ते वापरतात.

पण कुठलंही लाकूड तंतूंच्या लांबीला जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र काही टक्के फुगतं. फणीच्या वर-खाली पितळ जखडलेलं असतं आणि पितळ पाण्यानं फुगत नाही. म्हणून फुगलेलं लाकूड मोकळीक मिळेल तिथे सरकतं, खणांत आणि पुढे ओठांकडे. वाद्य वाळलं की लाकूड आकसतं, पण चुकांची भोकं तोवर सैल झालेली असतात आणि पट्टीखाली फट उरते. शिकागोच्या जुन्या ब्लूज वादकांपैकी काही जण वाद्य पाण्यात बुडवून वाजवत. फुगलेलं लाकूड त्या फटी बुजवायचं आणि आवाज मोठा यायचा. उपाय लागू पडायचा खरा, पण दर भिजण्या-वाळण्यात फणी थोडी आणखी वाकायची.

यावर कारखान्यांनी प्लॅस्टिक आणलं. माझं मत विचाराल तर तो निर्णय चुकीचा नव्हता, पण लाकूड सोडून देण्याचंही कारण नव्हतं. लाकडाची उष्णतावाहकता पितळेच्या शेकडो पटींनी कमी असते. ओठांना पितळ गार लागतं आणि लाकूड पहिल्या फुंकीपासून आपलंसं वाटतं. हा फरक सुरात नसला तरी वाजवणाऱ्याला खराच असतो. प्रश्न फक्त पाणी आत जाऊ न देण्याचा होता. 2005 च्या ‘मरीन बँड डीलक्स’मध्ये नासपतीच्या फणीला लेप दिला गेला आणि चुकांच्या जागी स्क्रू आले. 2009 च्या ‘क्रॉसओव्हर’मध्ये फणी बांबूचे थर चिकटवून केली. जर्मनीतल्या क्लिंगेनथालच्या झायडेल कंपनीनं मेपलला लेप देऊन त्यावर पोलादी रीड बसवल्या. लेपापेक्षाही मला स्क्रू महत्त्वाचे वाटतात. स्क्रू असले की वाद्य उघडता येतं, साफ करून पुन्हा तितकंच घट्ट बसवता येतं. चुका एकदा उपटल्या की लाकडाची पकड गेलीच.

माझं वाद्य चुकांचंच होतं. पातळ पातं घालून पट्टी इंच-इंच उचलली तेव्हा आतलं लाकूड चहाच्या डागासारखं काळपट झालेलं दिसलं आणि कडेला हिरवट गंज. दाते लगेच घासायचा मोह झाला, पण ओलं लाकूड घासलं तर वाळल्यावर ते आखूड पडतं. म्हणून फणी दोन आठवडे कोरड्या कपाटात ठेवली. मग आरशाच्या काचेवर उपडी ठेवून मागून टॉर्च धरला. मधल्या तीन दात्यांखालून उजेडाची रेघ आली. काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून फणी त्यावर आठच्या आकड्यासारखी फिरवली, उजेड दिसेनासा होईपर्यंत. दात्यांची टोकं गोल केली, आतून-बाहेरून मधमाशीच्या मेणाचा पातळ हात दिला आणि पट्ट्या छोट्या स्क्रूंनी बसवल्या. पितळेच्या पुढच्या धारेवरूनही पेपर फिरवला, कारण ओठ कापण्यात तिचाही वाटा होता.

आता चौथ्या भोकातला रे कमी श्वासात वाकतो. वाजवायच्या आधी वाद्य पाच मिनिटं मुठीत धरतो, कारण गार रीडवर श्वासाची वाफ लगेच जमते आणि सूर अडकतो. वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर हलकेच आपटतो. दोन-चार थेंब पडतात. मग ते डबीत न घालता रात्रभर पंख्याखाली उघडं ठेवतो.