समुद्राकाठी मोरिसो, समुद्राकाठी कसात

बर्थ मोरिसो आणि मेरी कसात या नावांची गल्लत नेहमीचीच. दोघी चित्रकार, पॅरिसच्या इम्प्रेशनिस्ट (झटपट फटकाऱ्यांनी क्षणाचा उजेड टिपणाऱ्या) गटातल्या, दोघी सुखवस्तू घरच्या, दोघींच्या चित्रांत घरातली माणसं. त्यात समुद्राकाठचं चित्र असलं की चित्रकार कोण, हे बरेच जण अंदाजानेच सांगतात. खरं तर दोनच चित्रं शेजारी ठेवली तरी पुरे.

पहिलं मोरिसोचं, १८७५ सालचं, ‘आइल ऑफ वाइटवर युजीन माने’. युजीन म्हणजे तिचा नवरा, प्रसिद्ध चित्रकार एदुआर मानेचा धाकटा भाऊ. डिसेंबर १८७४ मध्ये लग्न झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात दोघं इंग्लंडला गेली. मधुचंद्रातही बाईंनी रंगपेटी सोडली नाही. आइल ऑफ वाइट या इंग्लिश बेटावरच्या काउज बंदरावर रंगवायला बसावं तर वारा, ऊन आणि सतत जागा बदलणाऱ्या होड्या. बहिणीला लिहिलेल्या पत्रात तिने याची तक्रार केली आहे, आणि नवरा लगेच कंटाळतो, मॉडेल म्हणून फारसा कामाचा नाही, हेही लिहून टाकलं आहे.

चित्रात हा कंटाळू गृहस्थ खिडकीशी खुर्चीत वळून बसलाय आणि बाहेर बघतोय. पडदा, फुलांच्या कुंड्या, पलीकडे कुंपण, मग रस्त्यावरून जाणारी बाई आणि मुलगी, त्यामागे होड्या. बाईचा चेहरा खिडकीच्या पट्टीआड गेलाय. पडदा, कुंड्या, पाणी, युजीनचा चेहरा, सगळ्यांना सारखेच झटपट, सैल फटकारे. नवरा म्हणून चेहऱ्याला जादा वेळ दिलेला नाही. मला यातली खरी मौज वेगळी वाटते. त्या काळच्या चित्रांत घरात बसून खिडकीबाहेर बघत राहायचं काम सहसा बाईचं. इथे ते पुरुषाकडे आलंय आणि बघणाऱ्याला बघतेय त्याची बायको. चित्र जेमतेम ३८ बाय ४६ सेंटिमीटरचं. पॅरिसच्या मार्मोताँ मोने संग्रहालयात आहे.

कसातचं ‘किनाऱ्यावर खेळणारी मुलं’ १८८४ चं, सुमारे ९७ बाय ७४ सेंटिमीटर, उभं. ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. वाळूत बसलेल्या दोन चिमुरड्या, हातात खेळण्यातलं फावडं, जवळ बादली. आपण त्यांच्याकडे वरून, अगदी जवळून बघतो. पुढच्या पोरीचे लालसर गाल, फावड्यावर आवळलेला गुबगुबीत दंड, सगळं ठसठशीत. अंगाची बाह्यरेषा कुठेही विरघळत नाही. दुसरीचा चेहरा टोपीआड. मागचा समुद्र आणि होड्या मात्र पातळ रंगात उरकल्यात. समुद्र हा कसातचा विषयच नव्हता. तिने तो क्वचितच रंगवला.

म्हणून खूण सोपी आहे: माणूस आणि हवा एकाच फटकाऱ्यात मिसळली असतील तर मोरिसो, माणूस मागच्या दृश्यातून उठून पुढे आला असेल तर कसात. प्रत्येक चित्राला हा नियम लागू पडेल असं नाही, पण या जोडीला चपखल बसतो.

बाकी तपशील थोडक्यात. मोरिसो फ्रेंच, इम्प्रेशनिस्टांच्या १८७४ च्या पहिल्याच प्रदर्शनापासून गटात. आठांपैकी सात प्रदर्शनांत होती. मुलगी ज्युलीच्या जन्मानंतरचं, १८७९ चं, तेवढं चुकलं. कसात अमेरिकन, पेन्सिल्व्हेनियात जन्मलेली. तिला गटातल्याच चित्रकार देगाने बोलावलं आणि ती नेमकी त्याच १८७९ च्या प्रदर्शनात पहिल्यांदा सामील झाली. तिच्या वाट्याला एकूण चार प्रदर्शनं आली. वाळूतल्या मुली १८८६ च्या शेवटच्या प्रदर्शनात होत्या.

मोरिसोचं ‘लोरियाँचं बंदर’ही या घोळात येतं: धक्क्याच्या कठड्यावर छत्री घेऊन बसलेली बहीण एदमा आणि समोर पसरलेलं पाणी. ते १८६९ चं. एदुआर मानेला इतकं आवडलं की तिने ते त्यालाच देऊन टाकलं. आता तेही वॉशिंग्टनच्या त्याच गॅलरीत आहे, त्यामुळे तिथे पाटी वाचूनच पुढे सरकावं.