गोळीची जखम विषारी नसते
बंदुकीच्या दारूने जखमेत विष भिनते, म्हणून ती उकळत्या तेलाने डागलीच पाहिजे, हा सोळाव्या शतकातील युरोपात वैद्यकीय ग्रंथांनीच रुजवलेला समज चुकीचा होता. फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रवाझ पारे इटलीच्या मोहिमेवर असताना तेल संपले, तेव्हा उरलेल्या जखमींना त्यांनी अंड्याचा बलक, गुलाबतेल व टर्पेंटाइन यांचा लेप लावला. ती माणसे दगावतील या धास्तीने त्यांना झोप लागली नाही. पहाटे पाहतात तो लेपवाले बरेच शांत होते, तर डागलेले ताप, सूज आणि वेदनांनी तळमळत होते. हे निरीक्षण १५४५ मध्ये त्यांनी लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जखम चिघळते ती जंतू आणि मृत ऊतींमुळे, आणि डागण्याने मृत ऊती वाढतातच.